दुधाच्या हिशोबाचा जावा प्रोग्राम: की-बोर्डला हात लावण्याआधी

पहिला स्वतःचा प्रोग्राम म्हणून लायब्ररी मॅनेजमेंट किंवा बँकेचं खातं घेऊ नका. त्यांचा कोड जागोजागी तयार मिळतो, आणि तो समोर असला की चूक आपल्या विचारात आहे की उचललेल्या ओळीत, हे शोधता येत नाही. ज्याचे नियम तोंडपाठ आहेत असा घरचाच एखादा हिशोब घ्या. इथे दुधाचा रतीब धरला आहे: रोज अर्धा लिटर, अधूनमधून खाडा, पाहुणे आले की जादा दूध, आणि महिन्याच्या मधेच वाढणारा दर. एवढ्या विषयात व्हेरिएबल, अ‍ॅरे, लूप, इफ आणि मेथड सगळं लागतं, आणि काम दीडशे ओळींच्या आत होतं.

जेडीके (जावा लिहून चालवण्याचा पूर्ण संच) घाला, नुसतं जेआरई (फक्त चालवण्यापुरता भाग) नव्हे. २१ चालेल, २५ चालेल. टर्मिनलवर जावा (java) आणि जावासी (javac, म्हणजे कंपायलर) या दोन्ही कमांडना आवृत्ती विचारा. पहिली बोलली आणि दुसरी ‘ओळखत नाही’ म्हणाली, तर कंपायलर तरी नाही किंवा पाथ तरी चुकलाय. ते आधी निस्तरा. पब्लिक क्लासचं नाव आणि फाइलचं नाव अक्षरशः एक हवं, लहान-मोठ्या लिपीसकट. बाकी एडिटर कोणताही घ्या.

आता मुख्य गोष्ट: कोड लिहिण्याआधी एका पूर्ण महिन्याचं बिल कागदावर हाताने काढा. नंतर नाही, आधी. प्रोग्राम चालू झाल्यावर कागद घेतला तर डोळा पडद्यावरच्या आकड्याकडे जातो आणि हात नकळत तोच आकडा जुळवून आणतो. कागदावरचं उत्तर नसेल तर प्रोग्राम ‘चालतो’ एवढंच कळतं, बरोबर चालतो की नाही ते कळत नाही. जावा कंपायलर सेमीकोलन विसरलात तर ओरडेल, पण दर चुकीच्या तारखेला लावलात तर एक शब्द बोलणार नाही.

नमुना असा घ्या की त्यात प्रत्येक नियम एकदा तरी येईल. जून महिना, ३० दिवस. रोज ५०० मिलिलिटर. खाडे ५, ६ आणि २० तारखेला. १० तारखेला एक लिटर जादा, २५ तारखेला अर्धा लिटर जादा. दर लिटरला ६० रुपये, १६ तारखेपासून ६२. पहिल्या पंधरवड्यात १३ दिवसांचे साडेसहा लिटर अधिक एक, म्हणजे साडेसात लिटर, ४५० रुपये. दुसऱ्यात १४ दिवसांचे सात लिटर अधिक अर्धा, पुन्हा साडेसात, ४६५ रुपये. एकूण ९१५. हा आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा.

या एका आकड्याची खरी किंमत उत्तर चुकल्यावर कळते. ९१६ आलं? नवा दर १५ तारखेलाच लागला. ९१४ आलं? ‘१६ किंवा जास्त’ऐवजी ‘१६ पेक्षा जास्त’ लिहिलंय. ८८४ म्हणजे लूप २९ वर थांबला आणि ३० तारखेचे ३१ रुपये गेले. ८५४ म्हणजे जादा दूध बेरजेत न धरता रोजच्या दुधाच्या जागी बसवलं. ९४६ म्हणजे २० तारखेचा खाडा हरवला. ९४५ ला दोन संशयित आहेत: पहिल्या पंधरवड्यातला एक खाडा गेला, नाहीतर अ‍ॅरेचा शून्य क्रमांकाचा कप्पाही मोजला गेला. कागद नसता तर यातला प्रत्येक आकडा खराच वाटला असता. ९१४ रुपयांच्या बिलाकडे बघून कोणाला शंका येणार आहे? म्हणून आधी कागद.

त्याच कागदाच्या मागे नियम लिहा, प्रत्येकी एक ओळ. ‘१६ तारखेपासून’ म्हणजे १६ धरून. खाडा म्हणजे त्या दिवशी थेंबही नाही. एकाच तारखेला खाडा आणि जादा दोन्ही टाकले तर? नकार द्यायचा की नंतरचं खरं मानायचं, काहीही ठरवा, पण ठरवा. तारीख ३१ टाकली आणि महिना जून असेल तर? हे प्रश्न कोड लिहिताना सोडवत बसलात की उत्तर तीन जागी तीन तऱ्हेने लिहिलं जातं.

एककं. दूध मिलिलिटरमध्ये, पैसे पैशांत, दोन्ही पूर्णांक. डबल (जावातला दशांश संख्यांचा प्रकार) वापरू नका. जावात डबलमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ छापली जाते, कारण हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके बसत नाहीत. रुपये-पैशांच्या बिलात हे नको. दर विचारतानाच पैशांत विचारा: ६२ रुपये म्हणजे ६२००.

पूर्णांकांचा स्वतःचा एक सापळा आहे आणि नवशिक्यांपैकी बहुतेक त्यात अडकतात. ‘मिली भागिले १००० गुणिले दर’ असं लिहिलंत तर ५०० भागिले १००० चं उत्तर शून्य येतं, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की जावा अपूर्णांक टाकून देतं. मग शून्याला कितीही दराने गुणा. आपल्या नमुन्यात असं झालं तर बिल १२२ येईल: १० तारखेचे दीड लिटर एकावर आले म्हणून ६०, २५ तारखेचा एक लिटर म्हणून ६२, बाकी सगळे दिवस फुकट. आधी गुणा, मग भागा. तेही रोज नाही, महिन्याच्या शेवटी एकदाच. पाव लिटर आणि साडेबासष्ट रुपये दर असेल तर रोज भागताना अर्धा पैसा गळतो, ३० दिवसांत १५ पैसे. आणि न भागता बेरीज करायची तर ती लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात) ठेवा. इंट या नेहमीच्या पूर्णांक प्रकाराची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. ९१५ रुपयांची २४ घरं एकत्र केली की मिली गुणिले पैशांची बेरीज ती ओलांडते आणि बिल उणे होतं. कुठलाही इशारा न देता.

अ‍ॅरे महिन्याच्या दिवसांपेक्षा एकने मोठा घ्या आणि शून्याचा कप्पा रिकामा सोडा, म्हणजे ५ तारीख पाचव्या क्रमांकावर राहते. ३० चा अ‍ॅरे घेऊन ३० तारखेला हात घातलात तर ‘इंडेक्स ३० आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ३०’ म्हणत प्रोग्राम पडेल. ही त्यातल्या त्यात बरी चूक, निदान ओरडते. महिन्याचे दिवस स्वतः मोजत बसू नका. जावातल्या इयरमंथ क्लासची लेंग्थऑफमंथ मेथड लीप वर्षासकट सांगते.

बांधणीचा क्रम: आधी फक्त हिशोबाची मेथड. तिच्यात स्कॅनर (की-बोर्डवरून वाचणारा क्लास) नको, छपाई नको. अ‍ॅरे आणि दर आत जाणार, पैसे बाहेर येणार. मेनमध्ये नमुन्याच्या तारखा थेट कोडात लिहून टाका, चालवा, ९१५०० पैसे येतात का बघा. येत नसतील तर पुढे जाऊ नका. मेनू, रंग, स्वागताचा संदेश यातलं काहीही त्याआधी नको. ‘आधी इनपुट घेऊन टाकू, हिशोब मग बघू’ असं केलं की दर वेळी तपासायला पाच आकडे टाइप करावे लागतात, दहाव्या वेळी कंटाळा येतो आणि तपासणं बंद होतं. कागदावरचा आकडा मग कागदावरच राहतो.

९१५०० आलं की इनपुट. स्कॅनरच्या नेक्स्टइंट आणि नेक्स्टलाइन या मेथड एकत्र वापरू नका. नेक्स्टइंट आकडा उचलतं पण त्यामागचं एंटर तसंच सोडतं; पुढचं नेक्स्टलाइन ते एंटर वाचून रिकामी ओळ देतं, आणि नाव विचारलं की प्रोग्राम न थांबता पुढे पळतो. सगळं नेक्स्टलाइननेच घ्या, ट्रिम करा (कडेच्या मोकळ्या जागा काढा), मग इंटिजरच्या पार्सइंटला द्या. चुकीचं काही टाकलं तर नंबरफॉरमॅटएक्सेप्शन पकडून पुन्हा विचारा. हेच नेक्स्टइंटला ट्राय-कॅचमध्ये घालून लूपमध्ये केलंत तर चुकीचा शब्द तिथेच अडून राहतो आणि प्रोग्राम तोच संदेश अखंड छापत सुटतो. एक चांगली गोष्ट: पार्सइंटला देवनागरी आकडेही कळतात, ‘१५’ चे १५ होतात. टर्मिनलच्या खिडकीने ते नीट पोचवले तर. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होऊ शकतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, आणि जेडीके १७ किंवा जुनं असेल तर कंपाइल करताना एन्कोडिंग सांगा.

इनपुट जोडल्यावर तोच जून पुन्हा टाइप करा. पुन्हा ९१५. दर वेळी.

छपाई: पैसे दोन अंकी, डावीकडे शून्य भरून, नाहीतर ९१५ रुपये ५ पैशांचं ९१५.५ दिसेल. मेनूची निवड मजकूर म्हणून घेतली असेल तर तुलना इक्वल्सने, दुहेरी बरोबरने नाही. जुन्या पद्धतीच्या स्विचमध्ये ब्रेक विसरू नका. फाइलमध्ये साठवणं पहिल्या आवृत्तीत नको. चालणारी प्रत बदल करण्याआधी बाजूला ठेवा.

आणि कागदावर आणखी एक ओळ: फेब्रुवारी २०२८, लीप वर्ष, रोज अर्धा लिटर, खाडा नाही, दर ६०, बिल ८७०. ८४० आलं तर २८ हा आकडा कोडात कुठेतरी हाताने लिहिलेला आहे; तो शोधा.