न्वार वळणाच्या सुपरहिरो मालिकेवर मत कसे लिहावे

सुपरहिरोंच्या मालिकेबद्दल मत देताना प्रेक्षक बहुधा ‘भारी’ किंवा ‘रटाळ’ यांपैकी एका शब्दावर थांबतो. न्वार शैलीतील मालिकेच्या बाबतीत हे दोन्ही शब्द अधिकच निरुपयोगी ठरतात, कारण संथ गती, अंधारलेली दृश्ये, तुसड्या स्वभावाची मध्यवर्ती व्यक्तिरेखा आणि उशिरा समोर येणारा खलनायक या ज्या गोष्टींमुळे एकाला ती मालिका आवडते, नेमक्या त्याच गोष्टींमुळे दुसरा ती अर्ध्यावर सोडतो. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी एक निवाडा करावा लागतो : आपल्याला जे खटकले तो शैलीचा भाग होता, की शैलीच्या आडोशाने झालेली हलगर्जी होती? हा निवाडा कसा करावा ते पुढे सांगितले असून उदाहरणांसाठी २०१५ साली नेटफ्लिक्सवर सुरू झालेल्या ‘डेअरडेव्हिल’ आणि ‘जेसिका जोन्स’ या दोन मालिका घेतल्या आहेत.

आधी ‘न्वार’ म्हणजे काय, हे स्वतःपुरते स्पष्ट करून घ्यावे. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘काळा’ असा आहे. युद्धकाळात अमेरिकेत तयार झालेले गुन्हेपट युद्ध संपल्यावर एकदमच फ्रान्समध्ये पोहोचले, तेव्हा १९४६ साली नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांच्यासाठी तो वापरला आणि पुढे तो रूढ झाला. खाजगी गुप्तहेर, त्याचे स्वगत निवेदन, खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्यांमधून भिंतीवर पडणाऱ्या सावल्या, पोखरलेले शहर आणि कोणीच पुरते निर्दोष नसणे ही त्या चित्रपटांची ओळख होय. ‘जेसिका जोन्स’मध्ये यातले जवळपास सगळे आहे : घरातच थाटलेली गुप्तहेर कचेरी, दाराची काच, मद्याची बाटली, परक्यांच्या व्यभिचाराची छायाचित्रे काढून मिळणारे पैसे आणि नायिकेच्या कोरड्या आवाजातले निवेदन. फरक इतकाच, की जुन्या गुन्हेपटांत ज्या खुर्चीत पुरुष बसत असे, तेथे एक स्त्री बसली आहे. ‘डेअरडेव्हिल’मध्ये मात्र असे निवेदन नाही. तिचा नायक दिवसा वकिली करणारा एक अंध तरुण आहे आणि तिचे न्वारपण न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागातल्या प्रकाशयोजनेत, तसेच विकल्या गेलेल्या पोलिसांत आहे. तेव्हा ‘ही न्वार मालिका आहे’ एवढेच न लिहिता ती कोणत्या अर्थाने न्वार आहे, हे एका वाक्यात लिहावे. ते वाक्य जमले नाही, तर पुढचे मतही बहुधा जमत नाही.

अंधाराविषयीची तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि सर्वांत कमी तपासली जाते. ‘काहीच दिसत नाही’ असे लिहिण्यापूर्वी खोलीतला दिवा मालवून, दूरचित्रवाणी संचाचे भडक रंगांचे सेटिंग बदलून आणि हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी सोय बंद करून तोच प्रसंग पुन्हा पाहावा. इंटरनेटचा वेग कमी असेल, तर चित्रातला काळा भाग चौकोनी ठिपक्यांत फुटतो. तो दोष छायाचित्रकाराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. एवढे करूनही कोण कोणाला मारतो आहे हेच कळत नसेल, तर तक्रार रास्त ठरते, आणि मग ती प्रसंगाचा उल्लेख करून ठामपणे करावी.

प्रसंग धरून कसे लिहावे, यासाठी ‘डेअरडेव्हिल’च्या पहिल्या पर्वातल्या दुसऱ्या भागाचा शेवट घेऊ. मार खाऊन अर्धमेला झालेला नायक, अंगावरचे टाके ताजे असताना, पळवून नेलेल्या एका मुलाला सोडवायला अरुंद बोळकांडीत शिरतो. कॅमेरा एकसलग वाटेल अशा चित्रीकरणात त्या बोळकांडीतच पुढे-मागे सरकतो. काही हाणामारी बाजूच्या खोल्यांत होते, आपल्याला फक्त आवाज ऐकू येतात आणि उघड्या दाराकडे पाहत राहावे लागते. पडलेली माणसे पुन्हा उठतात. नायक भिंतीला टेकून श्वास घेतो, ठोसा मारताना स्वतःच झोकांडतो, आणि शेवटी तो जिंकतो आहे यापेक्षा तो उभा कसा आहे, याचेच आश्चर्य वाटते. ‘मारामारी जबरदस्त आहे’ या वाक्यातून यातले काहीच वाचकापर्यंत पोहोचत नाही. ‘येथे दमणे दाखवले आहे’ हे चार शब्द मात्र मालिकेचा स्वभाव सांगून जातात, कारण सुपरहिरो सहसा दमत नाहीत.

संथपणाचा निवाडा याहून अवघड आहे. त्यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो : भाग संपल्यावर, आधी ठाऊक नव्हते असे काय कळले, हे एका ओळीत लिहून ठेवायचे. गती कितीही मंद असली तरी ती ओळ भरत असेल, तर संथपणा शैलीचा आहे. सलग दोन भागांत ओळ कोरी राहिली, तर मालिका ताणली गेली आहे. या दोन्ही मालिकांची पहिली पर्वे प्रत्येकी १३ भागांची आहेत आणि दोहोंच्या कथा तेवढ्या लांबीला पुरत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘जेसिका जोन्स’च्या उत्तरार्धात खलनायक हाती येतो, निसटतो, पुन्हा हाती येतो, पहिल्या वेळी त्यातून नायिकेविषयी काही नवे कळते, नंतर मात्र केवळ भागांची संख्या भरते. त्याचबरोबर आपण मालिका कशी पाहिली, हेही नोंदवावे. सगळे भाग एकाच दिवशी उपलब्ध झालेली मालिका दोन रात्रींत संपवणाऱ्याला जी पुनरुक्ती जाचते, ती रोज एक भाग पाहणाऱ्याला कदाचित जाणवणारही नाही. मी स्वतः ‘डेअरडेव्हिल’ पहिल्यांदा घाईने पाहून मधल्या भागांना नावे ठेवली होती. पुन्हा सावकाश पाहिल्यावर त्यातला निम्मा राग मागे घ्यावा लागला.

आपण कोणत्या पर्वाबद्दल बोलत आहोत, हे सांगायला विसरू नये. ‘जेसिका जोन्स’ची तीन पर्वे २०१९पर्यंत चालली, आणि पहिल्याची ताकद तिसऱ्यालाही लागू धरली की मत पोकळ होते. दुसऱ्या पर्वाचे १३ही भाग स्त्री दिग्दर्शकांनी केले, किंवा मालिकेला पीबॉडी हा अमेरिकेतला प्रसारणक्षेत्राचा पुरस्कार मिळाला, ही माहिती खरी असली तरी ती मत नव्हे. पडद्यावर तिचा परिणाम दिसला असेल, तरच ती लेखात आणावी.

खलनायकाबद्दल लिहिताना प्रेक्षक अभिनयाचे कौतुक करून मोकळे होतात. ‘जेसिका जोन्स’मधला डेव्हिड टेनंटचा किलग्रेव्ह असो वा ‘डेअरडेव्हिल’मधला व्हिन्सेंट डोनोफ्रियोचा विल्सन फिस्क, दोघेही कौतुकाला पात्र आहेतच. पण न्वारमध्ये खलनायक पडद्यावर नसताना काय करतो, हे पाहणे अधिक फलदायी असते. किलग्रेव्ह बोलून माणसांना हुकमाचे ताबेदार बनवतो. मूळ कॉमिक्समध्ये त्याची त्वचाच जांभळी आहे. मालिकेने ती साधी ठेवून तो जांभळा रंग प्रकाशात मिसळला. सुरुवातीच्या भागांत तो जवळपास दिसतच नाही, आणि तरीही नायिका घाबरून लहानपणीच्या रस्त्यांची नावे एकामागून एक पुटपुटू लागते, तेव्हा तो त्या खोलीत असल्यासारखाच वाटतो. फिस्कचेही तेच : तो पहिल्या पर्वात तिसऱ्या भागाच्या शेवटी एका जवळजवळ पूर्ण पांढऱ्या चित्रासमोर उभा दिसतो, तोवर त्याचे नाव घ्यायलाही माणसे कचरत असतात. ‘खलनायक फार उशिरा येतो’ ही तक्रार करण्यापूर्वी त्याची अनुपस्थिती कामाला लावली आहे का, हे तपासावे.

नायिका ‘आवडण्याजोगी नाही’ हा आक्षेप मात्र मी सरळ बाजूला ठेवतो. ती आवडावी असा मालिकेचा दावाच नाही. ती पटली का, एवढेच विचारावे.

नेमक्या मताला किती वजन असते, याचे उदाहरण ‘डेअरडेव्हिल’च्याच संदर्भात घडले. अंध नायकाची ही मालिका १० एप्रिल २०१५ रोजी आली, तेव्हा दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी दृश्यांचे ध्वनिवर्णन तिच्यात नव्हते. त्यांनी आक्षेप घेतला, आणि चार दिवसांनी नेटफ्लिक्सने ती सोय या मालिकेपासून सुरू केली. ‘मालिका निराशाजनक आहे’ अशी मोघम ओरड न करता काय नाही आणि कोणासाठी नाही, हे त्यांनी सांगितले होते.

आता राहिला रहस्यफोडीचा प्रश्न. न्वारमध्ये उलगड्याइतकेच वातावरणही महत्त्वाचे असल्यामुळे शेवट न सांगताही भरपूर लिहिता येते. प्रसंगाचे नेपथ्य, आवाज आणि पात्रांचे उभे राहणे सांगावे. कृतीच्या अलीकडे थांबावे. ‘जेसिका जोन्स’चा पहिला भाग कसा संपतो हे सांगायचे असेल, तर आईवडील आपल्या सुटका झालेल्या मुलीला घेऊन लिफ्टमध्ये शिरतात आणि दार बंद होऊ लागते, एवढे लिहावे आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळावे.