आठवीचे विज्ञान घरी शिकवण्याआधी

मुलाचे सातवीचे विज्ञान गेल्या वर्षी आम्ही घरीच केले आणि त्यातले निम्मे वर्ष वाटी-चमच्यात वाया गेले. आठवीची सुरुवात करण्याआधी म्हणून ही तयारी लिहून ठेवत आहे.

पुस्तकांविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. बालभारतीचे सामान्य विज्ञानाचे पुस्तक संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते, आणि वह्या घरात असतातच.

मोजमापाची साधने मात्र पहिला धडा उघडण्याआधी घरात हवीत. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, 100 मिलिलिटरचे मोजपात्र आणि उणे 10 ते 110 अंशांचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर, तोही पाऱ्याचा नव्हे, लाल द्रवाचा. ‘घरात आहे त्यात भागवू’ असे मी म्हटले आणि ताप मोजण्याचा जुना थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवला. तो जेमतेम 42 अंशांपर्यंतचा. काच तडकली, आणि मुलाला बाहेर पाठवून, खिडक्या उघडून, कागदाच्या कडेने पाऱ्याचे थेंब गोळा करण्यात माझी संध्याकाळ गेली. मिठाच्या द्रावणाचेही तेच झाले. 100 मिलिलिटर पाण्यात साधारण 36 ग्रॅम मीठ विरघळते, पण आमच्या वहीत ‘वाटीभर पाण्यात सात-आठ चमचे’ अशी नोंद आहे, आणि चमचा कोणता, सपाट की शिगोशीग, हे आता कोणालाच आठवत नाही. म्हणून पुन्हा सांगते, मोजमापाची साधने आधी आणा.

योग्य थर्मामीटर आल्यावर आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघरात पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळू लागले, तेव्हा मुलाने थर्मामीटर खराब असल्याचे जाहीर केले. वितळत्या बर्फात त्याने शून्य दाखवल्यावर शंका पुस्तकावर गेली. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी 100 अंशांच्या आधीच उकळते, हे त्या दोन अंशांमुळे त्याला जितके नीट समजले तितके दाबाच्या अख्ख्या धड्याने समजले नव्हते. वाटी-चमच्याने हे दोन अंश कधीच दिसले नसते.

धड्यांचा क्रम पुस्तकाप्रमाणे ठेवण्याचा हट्ट धरू नये. बुरशी, शेवाळ आणि बीजांकुरण पावसाळ्यात उरकावे, कारण ओलसर पाव तेव्हा दोन-चार दिवसांत बुरशीने भरतो. आकाशनिरीक्षण दिवाळीनंतर ठेवावे, कारण जुलैत ढगांपलीकडे काहीही दिसत नाही.

रसायनांसाठी दुकान शोधत फिरण्याची फारशी गरज नाही. आम्ल-आम्लारी ओळखणाऱ्या दर्शकासाठी हळद आणि जास्वंदीच्या पाकळ्या पुरतात. पानवाल्याकडचा चुना पाण्यात ढवळून ठेवला की वर निवळी मिळते. नळीने फुंकल्यावर ती दुधाळ होते, फक्त फुंकायचे, ओढायचे नाही. मोरचूद विषारी आहे, त्यासाठीची भांडी स्वयंपाकाला परत येता कामा नयेत. संडास साफ करण्याचे आम्ल प्रयोगासाठी वापरू नये, याला अपवाद नाही. विजेचे प्रयोग दीड व्होल्टच्या सेलवरच करावेत. भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही.

प्रयोगाची नोंद त्याच दिवशी, तारीख आणि एककासह करावी. नुसते ‘36’ लिहिलेले मी आता मान्य करत नाही. मोजपात्राचे वाचन पाण्याच्या पृष्ठभागाच्या खोलगट तळाशी, डोळे त्याच पातळीवर आणून घ्यावे; हे मोजपात्र असेल तरच शक्य आहे, एवढेच परत सांगते.

परीक्षेचे थोडक्यात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी करायची तर वयाची 14 वर्षे पूर्ण लागतात आणि विज्ञानाला प्रात्यक्षिकही असते. उजळणी आणि चाचण्या ज्याने त्याने आपल्या सोयीने पाहाव्यात. वजनकाट्याचे सेल मात्र जास्तीचे आणून ठेवावेत. आमच्या काट्याला बटणासारखे चपटे सेल लागतात आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत.