यॉरिकचा दानधर्म कसा तपासावा

लॉरेन्स स्टर्नची फ्रान्सच्या प्रवासावरची इंग्रजी कादंबरी ‘अ सेंटिमेंटल जर्नी’ (1768) वाचायला घेताना पेन्सिल जवळ ठेवा. माझी सगळी नोकरी बँकेत कॅश काउंटरवर झाली. गोष्टीत कुणी पैशाची थैली काढली की माझी नजर आधी रकमेवर जाते. हे पुस्तक तसंच वाचावं.

सुरुवात फ्रान्सच्या कॅले बंदरापासून. जेवण झालंय, बर्गंडी वाइन पोटात आहे, निवेदक यॉरिकला अख्ख्या मानवजातीचा उमाळा आलाय. तेवढ्यात मठासाठी मागायला एक गरीब फ्रान्सिस्कन साधू दारात येतो. यॉरिक थैली खिशात टाकतो आणि वर खिशाचं बटण लावतो! त्या बटणाखाली रेघ मारा. पुढे त्याच साधूला तो आपली तपकिरीची डबी देऊन टाकतो. तिथे समासात लिहा : शेजारी कोण उभं होतं? (एक बाई. तिच्यासमोर त्याला चांगलं दिसायचंय.)

मग पुढच्या माँत्रय गावचं प्रकरण, सावकाश, दोनदा. गाडी निघायच्या वेळी भिकारी गोळा होतात. यॉरिकच्या हातात सुटे आठ सू, म्हणजे फ्रान्सची तेव्हाची छोटी नाणी; वीस सूंचा एक लीव्र व्हायचा. समोर आठ पुरुष, आठ बाया. एक फाटका माणूस, अंगात सदरासुद्धा नाही, अदबीनं वाकून दोन पावलं मागे सरतो, म्हणजे मला नको. पहिला सू त्यालाच मिळतो. सगळं वाटून झाल्यावर दिसतो एक लाजरा गरीब, ज्याच्या तोंडून मागणंच फुटत नाही. त्याला यॉरिक काहीतरी देतो, पण किती ते सांगत नाही. तेव्हा कमी वाटलं म्हणून लाज वाटली, आता जास्त वाटतं म्हणून. आतापर्यंत सू-सू मोजणाऱ्यानं नेमका हा आकडा गाळलाय. माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात खरी दया हीच.

पॅरिसचा पिंजऱ्यातला साळुंकीच्या जातीचा पक्षी ‘मला बाहेर पडता येत नाही’ म्हणतो, तेव्हा रुमाल काढायची घाई नको. पिंजरा उघडत नाही म्हणून यॉरिक कळवळतो खरा, पण पक्षी पुढे इंग्लंडात या लॉर्डकडून त्या लॉर्डकडे फिरतो. सुटका नाहीच.

यॉरिकच्या गळ्यातल्या तसबिरीतली एलायझा म्हणजे आपल्या मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या डॅनियल ड्रेपरची बायको. तिच्या नावानं घेतलेल्या आणाभाकांची नोंद वेगळ्या पानावर करा. तो रकाना लवकर भरतो.