पिस्तुलाच्या काडतुसाची लिव्हर रायफल कशी निवडावी

अमेरिकेत पहिली लिव्हर रायफल, म्हणजे चापाजवळचा दांडा (लिव्हर) खाली-वर फिरवून पुढचं काडतूस नळीत भरणारी रायफल, घ्यायची म्हटलं की बहुतेक जण पितळी चकाकी आणि अक्रोडाचा दस्ता पाहून भुलतात. माझं ऐका, मॉडेलचं नाव सगळ्यात शेवटी.

सुरुवात कायद्यापासून करा. एच-१बीसारख्या व्हिसावर असणाऱ्यांना बंदूक विकत घ्यायला संघीय कायद्याने एरवी बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला मुख्य अपवाद. ग्रीन कार्डधारकांना ही आडकाठी नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात, ते स्वतंत्रपणे तपासा.

मग काडतूस ठरवा. .३५७ मॅग्नमच्या रायफलीत .३८ स्पेशलही चालते, त्यामुळे सराव स्वस्तात होतो आणि खांद्याला धक्का जवळजवळ जाणवत नाही. शिवाय लांब नळीचा फायदा मोठा आहे: १५८ ग्रेनची (साधारण दहा ग्रॅमची) जी गोळी चार इंची रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण ३८० मीटर वेगाने निघते, ती रायफलीतून ५०० च्या पुढे जाते. हरणाची शिकार हाच मुख्य हेतू असेल तर मात्र मी जास्त जोरकस .४४ मॅग्नम घ्यायला सांगेन. ओहायोत २०१४ पासून हरणासाठी सरळ पुंगळीच्या (तोंडाशी निमुळत्या न होणाऱ्या) काडतुसांच्या रायफली चालतात, त्यात ही दोन्ही बसतात.

आता यंत्रणा, कारण खरा फरक इथेच आहे. विंचेस्टर १८७३ मध्ये काडतूस आडवंच वर उचललं जातं आणि सरळ नळीत सरकतं, म्हणून लिव्हर लोण्यासारखी फिरते. काउबॉय नेमबाजीच्या (जुन्या काळच्या बंदुकांनी होणाऱ्या) स्पर्धांत ती लाडकी आहे ती यासाठीच. पण तिची सांध्यांची रचना जुनी आणि तुलनेने नाजूक. सतत जोरकस काडतुसं झाडायची असतील तर ती नको. जॉन ब्राउनिंगने आखलेल्या विंचेस्टर १८९२ या मॉडेलमध्ये दोन उभ्या खिट्ट्या बोल्टला (नळी मागून बंद करणाऱ्या भागाला) घट्ट अडवतात. याच रचनेवरची ब्राझीलची रॉसी आर९२ हलकी, तुलनेने स्वस्त आणि भक्कम आहे, इतकी की ती .४५४ कॅसूल या फार जोरकस काडतुसातही निघाली. तिची रिकामी पुंगळी वरून उडते, त्यामुळे दुर्बीण बसवणं अडचणीचं. दुर्बीण हवीच असेल तर मार्लिन १८९४ पाहा. तिचा माथा बंद असतो आणि पुंगळी बाजूने पडते. २०२० मध्ये रुगरने मार्लिन विकत घेतली, तेव्हापासूनचं काम मला नीटस वाटतं. हेन्री बिग बॉयचाही माथा बंदच, पण पितळी मॉडेल साडेआठ पौंडांच्या वर जातं. दिवसभर रानात वागवायला ते जड. जुनी हेन्री फक्त नळीखालच्या मॅगझिनच्या पुढच्या टोकाकडून भरता येते. नव्यांपैकी काडतुसं भरायचं बाजूचं झाकण असलेलीच घ्या.

दुकानात गेलात की बंदूक रिकामी असल्याची आधी खात्री करा, मग परवानगी घेऊन डमी (दारू नसलेली, खोटी) काडतुसं भरा. झाकण अंगठ्याला फार टोचतंय का ते पाहा आणि लिव्हर एकदा सावकाश, एकदा झटक्यात पूर्ण फिरवा. काडतूस कुठे अडलं तर दुसरा नग मागवा. .३८ वापरणार असाल तर त्याच लांबीच्या डमीनेही हेच करून बघा, कारण काही रायफली आखूड काडतुसावर अडखळतात.

काडतुसं चपट्या टोकाचीच घ्या. नळीसारख्या मॅगझिनमध्ये ती एकामागे एक बसतात. टणक टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या भागावर) आपटली तर स्फोट होऊ शकतो. मऊ पॉलिमर टोकाची खास लिव्हरसाठी बनवलेली काडतुसं मात्र चालतात.