ग्लीममध्ये पूर्ण वेब अ‍ॅप्लिकेशन: सर्व्हर, ब्राउझर आणि मधला सामायिक भाग

वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिताना बरीच माहिती दोनदा मांडावी लागते. पुस्तकाच्या नोंदीत काय काय असते हे सर्व्हरच्या कोडमध्ये एकदा लिहायचे आणि ब्राउझरच्या कोडमध्ये पुन्हा लिहायचे. पुढे एका बाजूला बदल होतो, दुसऱ्या बाजूला तो राहून जातो आणि चूक थेट वापरकर्त्याच्या स्क्रीनवर दिसते. ग्लीम या फंक्शनल भाषेत ही दुहेरी मांडणी टाळता येते, कारण तिचा कंपाइलर (लिहिलेला कोड दुसऱ्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) एकाच कोडपासून सर्व्हरसाठी अर्लांगही तयार करतो आणि ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टही. रस्टमध्ये लिहिलेल्या या कंपाइलरची पहिली स्थिर आवृत्ती मार्च 2024 मध्ये आली. अर्लांग मात्र 1980च्या दशकापासून, एरिक्सन कंपनीच्या टेलिफोन यंत्रणांसाठी घडत आलेली आहे. उदाहरणादाखल आपण एका लहान ग्रंथालयाच्या देवघेवीचे अ‍ॅप्लिकेशन घेऊ.

संगणकावर ग्लीम आणि अर्लांग हे दोन्ही बसवावेत. जावास्क्रिप्टच्या चाचण्या चालवण्यासाठी नोडही (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) लागेल. एडिटरला मदत करणारा लँग्वेज सर्व्हर कंपाइलरमध्येच येतो, त्यामुळे तो वेगळा शोधावा लागत नाही. त्यानंतर एका फोल्डरमध्ये ‘ग्लीम न्यू’ हा आदेश तीनदा देऊन शेअर्ड (दोन्हीकडचा सामायिक कोड), सर्व्हर आणि क्लायंट (ब्राउझरची बाजू) असे तीन प्रकल्प तयार करावेत. (आदेश अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे.) क्लायंटच्या टॉमल फाइलमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, टार्गेट (कोड ज्या भाषेत उतरवायचा ती) म्हणून जावास्क्रिप्ट नमूद करावे, आणि सर्व्हर व क्लायंट या दोघांच्या अवलंबनांच्या यादीत शेअर्डचा सापेक्ष पाथ द्यावा. शेअर्डसाठी टार्गेट ठरवून टाकण्याचे कारण नाही, कारण तो दोन्हीकडे चालला पाहिजे. त्याच्या चाचण्या मात्र दोन्ही टार्गेटवर स्वतंत्रपणे चालवाव्यात, आणि ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

बहुतेक जण सर्व्हरपासून सुरुवात करतात, परंतु माझ्या मते सुरुवात शेअर्डपासूनच करावी, कारण या पद्धतीचा खरा लाभ तिथे आहे. पुस्तकाचा टाइप लिहिताना दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक आणि स्थिती एवढी क्षेत्रे पुरेशी आहेत. यांपैकी स्थितीकडे नीट लक्ष द्यावे. ‘बाहेर आहे का’ असे एक बूलियन (हो किंवा नाही), सभासद क्रमांकाचे दुसरे क्षेत्र आणि परतीच्या तारखेचे तिसरे, अशी मांडणी केली तर पुस्तक कपाटात असूनही त्याला परतीची तारीख असलेली निरर्थक नोंद तयार होऊ शकते. त्याऐवजी स्थिती हा स्वतंत्र टाइप करून त्याचे दोन व्हेरिअंट (पर्याय) ठेवावेत: ‘उपलब्ध’, ज्याच्यासोबत कोणतीही माहिती नाही, आणि ‘दिलेले’, ज्याच्यासोबत सभासद क्रमांक आणि परतीची तारीख दोन्ही असतातच. अशा मांडणीत चुकीची नोंद लिहिताच येत नाही. उद्या ‘बांधणीसाठी पाठवलेले’ हा तिसरा व्हेरिअंट आला, की सर्व्हर आणि क्लायंटमधील ज्या ज्या केस अभिव्यक्तींमध्ये (प्रत्येक व्हेरिअंटसाठी काय करायचे ते सांगणारा कोड) त्याची दखल घेतलेली नाही, त्या सर्व कंपाइलर दाखवून देतो आणि त्या पूर्ण केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. मात्र त्यासाठी ‘बाकी सर्व’ या अर्थाचा अंडरस्कोर वापरण्याचा मोह आवरावा लागतो, कारण तो टाकला की कंपाइलरची ही मदत तिथेच थांबते.

याच प्रकल्पात पुस्तकाचे जेसनमध्ये (माहिती पाठवण्याचे एक मजकूर-स्वरूप) रूपांतर करणारे फंक्शन आणि जेसनवरून पुस्तक वाचणारा डिकोडर लिहावा. हा कोड साचेबद्ध असल्यामुळे तो एडिटरकडून तयार करून घेता येतो, परंतु प्रत्येक ओळ वाचून मगच ठेवावी. डिकोडर चालवल्यावर मिळते ते रिझल्ट, म्हणजे यश किंवा त्रुटी यांपैकी एक. ग्लीममध्ये नल (‘काहीच नाही’ असे मूल्य) नाही आणि एक्सेप्शन फेकण्याची रीतही नाही, त्यामुळे त्रुटीचे काय करायचे हे तिथेच ठरवावे लागते.

कोड एकच असला तरी तो दोन्हीकडे अगदी सारखा वागेल असे गृहीत धरू नये. अर्लांगमध्ये पूर्णांकाला आकाराची मर्यादा नाही, तर जावास्क्रिप्टमध्ये 9007199254740991 च्या पुढे पूर्णांकांची अचूकता राहत नाही. दाखल क्रमांक तिथवर कधी पोहोचणार नाहीत, परंतु डेटाबेसने तयार केलेले मोठे ओळख क्रमांक पोहोचू शकतात. म्हणून ते स्ट्रिंग म्हणून पाठवावेत.

मराठी मजकुराच्या बाबतीत फरक अधिक सूक्ष्म आहे. स्ट्रिंगची लांबी देणारे फंक्शन ग्राफीम (वाचणाऱ्याला एक अक्षर म्हणून दिसणारे एकक) मोजते, पण ती मोजणी अर्लांगवर अर्लांगची लायब्ररी करते आणि ब्राउझरमध्ये ब्राउझरची स्वतःची यंत्रणा. युनिकोडच्या 2023 मधील 15.1 या आवृत्तीत जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला. तो पाळणाऱ्या यंत्रणेत ‘ज्ञानेश्वर’ या नावाची लांबी 4 येते, आणि जुन्या नियमाने 6. सभासदाच्या नावावर लांबीची मर्यादा घालायची असेल आणि दोन्हीकडच्या आवृत्त्या वेगळ्या असतील, तर ब्राउझरने स्वीकारलेले नाव सर्व्हर नाकारू शकतो. त्यापेक्षा कोडपॉइंट (युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक असलेली चिन्हे) मोजावेत. या नावात ते सर्वत्र 10 भरतात, आणि पोस्टग्रेससारखा डेटाबेसही स्तंभाची मर्यादा त्याच मापाने मोजतो. वरील दोन टार्गेटवरच्या चाचण्यांत अशी दोन-तीन जोडाक्षरयुक्त नावे अवश्य असावीत.

सर्व्हरसाठी विस्प हे फ्रेमवर्क आणि मिस्ट हा एचटीटीपी सर्व्हर घ्यावा. विस्पमध्ये सर्व काम एका फंक्शनभोवती फिरते: रिक्वेस्ट घ्यायची आणि रिस्पॉन्स द्यायचा. पत्त्याचे भाग स्ट्रिंगच्या यादीच्या रूपात मिळतात, आणि त्या यादीवर पॅटर्न मॅचिंग केले (ती कोणत्या नमुन्याशी जुळते ते पाहिले) की कोणता पत्ता कोणत्या कोडकडे जाईल हे ठरवणाऱ्या वेगळ्या राउटरची गरज उरत नाही. आलेले जेसन शेअर्डमधील डिकोडरला द्यावे, आणि त्रुटी आली तर 400 किंवा 422 हा, विनंतीत चूक असल्याचे सांगणारा, स्टेटस परत करावा. प्रत्येक जोडणी अर्लांगच्या स्वतंत्र प्रोसेसमध्ये हाताळली जाते, त्यामुळे एखादी कोसळली तरी बाकीच्या चालू राहतात. एवढ्या कामाला एसक्यूलाइट हा डेटाबेस पुरतो. पुढे पोस्टग्रेसकडे जाता येते.

ब्राउझरच्या बाजूला लस्टर हे फ्रेमवर्क आहे, आणि एल्म ही भाषा वापरलेल्यांना त्याची रचना लगेच ओळखीची वाटेल. मॉडेलमध्ये पानाची सर्व स्थिती असते, अपडेट हे फंक्शन मेसेज घेऊन नवे मॉडेल देते, आणि व्ह्यू त्या मॉडेलवरून पान रेखाटते. मेसेजची नावे ‘यादी बदला’ अशा आदेशांच्या रूपात न ठेवता ‘वापरकर्त्याने परत केले दाबले’, ‘सर्व्हरकडून यादी आली’ अशी घडलेल्या घटनेची ठेवावीत. काही महिन्यांनी कोड पुन्हा उघडताना याचा फार उपयोग होतो. सर्व्हरला विनंती पाठवणे हा इफेक्ट आहे. तो अपडेटमधून नव्या मॉडेलसोबत परत करायचा आणि प्रत्यक्ष चालवण्याचे काम लस्टरवर सोडायचे. उत्तर रिझल्टच्या रूपात मेसेज होऊन येते, म्हणून मॉडेलमध्ये ‘यादी येत आहे’, ‘यादी आली’ आणि ‘मिळाली नाही’ हे तीन व्हेरिअंट पहिल्यापासून असू द्यावेत.

लस्टरच्या साधनांनी क्लायंटचे बंडल (ब्राउझरला द्यायचा एकत्र केलेला कोड) तयार करून ते सर्व्हरच्या प्रिव्ह फोल्डरमधील स्टॅटिक या उपफोल्डरमध्ये ठेवावे, म्हणजे विस्प ते ब्राउझरला पाठवू शकेल. सर्व्हरसाठी ग्लीमच्या एक्स्पोर्ट आदेशाने अर्लांग शिपमेंट (चालवण्यास तयार संच) काढावी. ती ज्या यंत्रावर चालणार तिथे ग्लीम नसले तरी चालते, पण अर्लांग लागतेच. मिस्ट मूळ सेटिंगमध्ये फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच यंत्रावरून आलेल्या जोडण्या, ऐकतो, त्यामुळे कंटेनरमध्ये चालवताना 0.0.0.0 हा पत्ता स्पष्ट द्यावा, अन्यथा सर्व्हर चालू असूनही बाहेरून काहीच उघडत नाही. विस्पला लागणारी गुप्त किल्ली उदाहरणांमध्ये सुरुवातीलाच यादृच्छिकपणे तयार केलेली दिसते. प्रत्यक्ष वापरात ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्यावी, नाहीतर सर्व्हर पुन्हा सुरू झाला की आधी सही केलेल्या सर्व कुकी निकामी होतात आणि सगळ्या सभासदांना पुन्हा लॉगिन करावे लागते.