केप रॉइड्सचा किनारा नकाशावर कसा आखायचा

अंटार्क्टिकातल्या रॉस बेटाच्या पश्चिम टोकाला, 77°33′ दक्षिण, 166°09′ पूर्व इथे, काळ्या ज्वालामुखी खडकाचं हे छोटं भूशिर आहे. ब्रिटिश शोधक शॅकल्टनच्या मोहिमेने 1908 साली इथेच झोपडी बांधली. जागा पटकन सापडते. किनारा मात्र चटकन सापडत नाही, कारण उपग्रहचित्रात दिसणारी पांढऱ्याची कड म्हणजे किनारा नव्हे.

आधी दिशा पक्क्या करा. ध्रुवीय प्रक्षेपणात, म्हणजे दक्षिण ध्रुव मध्यभागी ठेवून काढलेल्या नकाशात, शून्य रेखांश वर असतो, त्यामुळे रॉस बेटापाशी उत्तर जवळजवळ खाली येते आणि पश्चिमेचा मॅकमर्डो साउंड हा समुद्राचा भाग कागदावर उजवीकडे पडतो. अंतरातही फसायला होतं: इथे 1 अंश अक्षांश 111 किमी, पण 1 अंश रेखांश जेमतेम 24 किमी. दोन्ही सारखे धरले तर भूशिर चौपटीहून जास्त रुंद होतं.

मग उपग्रहचित्रं. हिवाळ्यात जवळपास चार महिने सूर्य उगवतच नाही, म्हणून साधी चित्रं उन्हाळ्याचीच घ्या. त्यातही फेब्रुवारीची, कारण तेव्हा समुद्रबर्फ सर्वांत कमी असतो. एका वर्षावर विसंबू नका, किमान चार-पाच वर्षांचे फेब्रुवारी एकावर एक ठेवा. जी कड दरवर्षी हलते ती समुद्रबर्फाची. जिथे खडक कायम उघडा दिसतो, तिथून रेघ सुरू करा. 2000 साली रॉस हिमपट्टीपासून (समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरापासून) तुटलेल्या बी-15 हिमनगाने पुढची काही वर्षं इथला बर्फ अडवून धरला होता. नेमकी तीच वर्षं निवडली तर समुद्राच्या जागी जमीन काढून बसाल.

ढग आणि हिम दोन्ही पांढरे, पण उपग्रह टिपतो त्या लघुलहर अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाच्या पट्ट्यात हिम काळवंडतं आणि ढग बहुतेक वेळा उजळ राहतो. या पट्ट्यात पाणीही काळंच दिसतं, म्हणून शेजारी हिरवा पट्टा उघडा: तिथे हिम चमकतं, पाणी नाही. लँडसॅट उपग्रहाच्या चित्राचा एक ठिपका 30 मीटरचा. त्याहून लहान खाच चित्रावरून ठरवू नये. झोपडीजवळचं पोनी लेक हे तळं गोठलेलं असताना सपाट खाडीसारखं दिसतं, तिथे हमखास चूक होते. खडकावरचा तांबूस-गुलाबी डाग मात्र दगडाचा रंग समजू नका. ती ॲडेली पेंग्विनांची विष्ठा, आणि वसाहतीची हद्द आखायला ती फार उपयोगी पडते.

उंची मोजताना जीपीएस समुद्रसपाटीलाच उणे 50 मीटरहून खाली दाखवतो. यंत्र बिघडलेलं नसतं. ते पृथ्वीच्या गणिती लंबगोल आकारापासून मोजतं, त्यामुळे जिऑइडची, म्हणजे खऱ्या सरासरी समुद्रसपाटीच्या पृष्ठाची, दुरुस्ती करावी लागते.

प्रत्यक्ष जागेवर होकायंत्र जवळपास निरुपयोगी ठरतं. दिक्पात (खऱ्या उत्तरेपासून सुई जितकी वळते तो कोन) 140 अंशांच्या आसपास पूर्वेला, म्हणजे सुईचं उत्तरेचं टोक आग्नेयेकडे, आणि सुई तिरकी होऊन तबकडीला घासते. दिशा सूर्यावरून किंवा जीपीएसच्या दोन बिंदूंवरून घ्या. किनाऱ्यालगत बर्फात समांतर भेग दिसली तर ती भरती-ओहोटीची: तिच्या समुद्राकडचा बर्फ तरंगता, पाण्याबरोबर वर-खाली होणारा. पेंग्विनांची वसाहत संरक्षित क्षेत्र क्रमांक 121 मध्ये येते, आत पाऊल टाकायला परवाना लागतो. तो भाग बाहेरूनच मोजा.