एअर रायफलचा स्टॉक स्पर्धेच्या तपासणीला नेण्याआधी

10 मीटर एअर रायफल असेल तर आधी ती साइटसकट, म्हणजे नेम धरायच्या भागासकट, काट्यावर ठेवा. 5.5 किलोच्या वर ग्रॅमभरही नको. मी पोरांना जरा खालीच ठेवायला लावतो; आपला काटा आणि तपासणीचा काटा जुळेलच असं नाही.

मग स्टॉकवर, म्हणजे नळी बसवलेल्या, हातात आणि खांद्याला धरायच्या सांगाड्यावर, हात फिरवा. अंगठ्याचं भोक, अंगठ्याचा टेकू, पामरेस्ट (खालून तळहाताला द्यायचा टेकू), स्पिरिट लेव्हल (रायफल तिरकी नाही ना हे दाखवणारी बुडबुड्याची नळी), यातलं काहीच चालत नाही. पामरेस्ट 50 मीटर रायफलला उभ्याने नेम मारताना चालते, तिथला हट्ट इथे नको. पकड बसावी म्हणून ग्रिपला (मुठीला) किंवा फोरएंडला (स्टॉकच्या पुढच्या भागाला) खरखरीत पट्टी चिकटवणं ही आमच्या पोरांची लाडकी युक्ती. खरवडून काढा, गोंदासकट.

बटप्लेट, म्हणजे स्टॉकच्या मागच्या टोकाची खांद्याला टेकणारी पट्टी, खांद्याला जुळेल तशी वरखाली करा, पण मापाच्या मर्यादेतच. सामन्यानंतरही तपासणीला बोलावतात.